बिअर निर्मितीचा स्वतंत्र लघुउद्योग

मोठ्या मद्यकंपन्यांच्या मालकीबाहेर राहून, मर्यादित प्रमाणावर व मुख्यतः पारंपरिक पद्धतीने बिअर तयार करणारा उद्योग. त्याच्या उत्पादनास ‘क्राफ्ट बिअर’ आणि त्यातील लहान कारखान्यास ‘मायक्रोब्रुअरी’ ही नावे मराठीतही रूढ झाली आहेत. बिअरचे लहान कारखाने यूरोपात मध्ययुगापासून आढळतात. तथापि मोठ्या उद्योगाला पर्याय म्हणून जाणीवपूर्वक उभा राहिलेला हा लघुउद्योग विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील आहे. तो प्रामुख्याने अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील कॅलिफोर्निया राज्यात व त्याच सुमारास ब्रिटनमध्ये उदयास आला. कॅलिफोर्नियातील अँकर, न्यू अल्बियन व सिएरा नेव्हाडा या तीन कारखान्यांचा इतिहास त्याची घडण समजून घेण्यास विशेष उपयुक्त ठरतो. पहिल्याने बंद पडू पाहणारा जुना कारखाना सावरला. दुसऱ्याने अल्प साधनांतून नवा कारखाना उभारता येतो हे दाखविले, परंतु तो टिकला नाही. तिसऱ्याने असा कारखाना टिकविता व वाढविताही येतो हे सिद्ध केले. तिन्हींच्या अनुभवावरून असे दिसते, की या उद्योगाचे यशापयश मालाच्या गुणवत्तेवर जितके, तितकेच उत्पादनाचे प्रमाण, कायदा, भांडवल आणि वितरण यांवर अवलंबून असते.

पार्श्वभूमी : १८७३ मध्ये अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत बिअरचे ४,१३१ कारखाने होते. बहुतेक कारखाने आपल्या गावापुरता किंवा आसपासच्या परिसरापुरता माल तयार करीत. कारण बिअर लवकर आंबत असे व दूरवर नेणे परवडत नसे. यांत्रिक प्रशीतन, पाश्चरीकरण आणि लोहमार्गावरील बर्फाचे डबे यांमुळे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ही स्थिती पालटली. दूरच्या बाजारपेठा काबीज करणारे मोठे कारखाने वाढले व लहान कारखाने त्यांच्यापुढे निष्प्रभ होऊ लागले.

जानेवारी १९२० मध्ये राष्ट्रव्यापी दारूबंदीचा अंमल सुरू झाला आणि डिसेंबर १९३३ मध्ये संविधानाच्या एकविसाव्या दुरुस्तीने तो संपुष्टात आला. मधल्या काळात जे कारखाने सरबते, माल्टचा अर्क, बर्फ इत्यादींच्या उत्पादनावर तग धरून राहिले, त्यांत भांडवलाने समर्थ अशांचाच भरणा अधिक होता. दारूबंदी उठल्यानंतर १९३५ पासून पत्र्याच्या डब्यांतून बिअर विकली जाऊ लागली. पुढे दूरचित्रवाणीवरील जाहिरातींचा प्रभाव वाढला व एकत्रीकरणास आणखी वेग आला. १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीस साऱ्या देशात शंभराहूनही कमी बिअर कारखाने उरले. त्यांतील बहुतेकांचा माल मका किंवा तांदूळ मिसळून केलेली फिकट, सौम्य लागर बिअर हाच होता. निरनिराळ्या छापांच्या बाटल्यांतील चवीचा फरक सामान्य ग्राहकास क्वचितच जाणवे.

दारूबंदीच्या समाप्तीबरोबर आलेल्या कायद्यांचे दोन परिणाम पुढील इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाचे ठरले. पहिला परिणाम म्हणजे उत्पादक, घाऊक वितरक व किरकोळ विक्रेता यांना परस्परांपासून अलग ठेवणारी त्रिस्तरीय व्यवस्था बहुतेक राज्यांनी स्वीकारली. उत्पादकांनी गुत्ते आपल्या ताब्यात ठेवून मद्यपानास उत्तेजन देऊ नये, हा तिचा हेतू होता. परंतु तिच्यामुळे लहान उत्पादकास वितरकाच्या मर्जीवर विसंबणे भाग पडले. दुसरा परिणाम असा, की घरगुती वापरासाठी द्राक्षमद्य करण्याची मुभा कायद्याने दिली, पण बिअरचा तीत समावेश झाला नाही. त्यामुळे घरी बिअर करणे संघराज्याच्या कायद्याने पुढील सु. पंचेचाळीस वर्षे निषिद्ध राहिले.

निर्मितिप्रक्रिया व भांडवल : लहान कारखान्यांपुढील आर्थिक अडचणी समजण्यासाठी प्रक्रियेचे स्थूल स्वरूप ध्यानात घेणे आवश्यक आहे. सातूला मोड आणून तो भट्टीत वाळविला म्हणजे माल्ट तयार होते. ते भरडून गरम पाण्यात ठेवले, की त्यातील स्टार्चचे शर्करांत रूपांतर होते. हा गोड अर्क गाळून घेतात व हॉप या वेलीची मादी फुले घालून उकळतात. हॉपमुळे कडवटपणा व सुगंध येतो आणि पेय टिकण्यासही मदत होते. उकळलेला अर्क त्वरेने थंड करून त्यात यीस्ट मिसळतात. यीस्ट शर्करांचे अल्कोहॉल व कार्बन डाय-ऑक्साइड यांत रूपांतर करते [→ किण्वन].

यीस्टच्या जातीनुसार बिअरचे एल व लागर असे दोन प्रमुख वर्ग पडतात. एलचे किण्वन सु. १५° ते २४° से. तापमानास होते व ती दोन-तीन आठवड्यांत विक्रीयोग्य होऊ शकते. लागरचे किण्वन बरेच कमी तापमानास होते आणि नंतर तिला कित्येक आठवडे थंड टाक्यांत मुरवावे लागते. टाकी जितके दिवस अडकून राहते, तितके भांडवल अडकून राहते; शिवाय प्रशीतनाचा खर्चही वाढतो. नव्या लहान कारखान्यांपैकी बहुसंख्यांनी आरंभी एल हाच प्रकार निवडला, त्यामागे चवीची आवड होती तसाच हा व्यावहारिक हिशेबही होता. उलट मोठ्या कारखान्यांची फिकट लागर त्यांच्याइतक्या स्वस्तात तयार करणे लहान उत्पादकास शक्य नव्हते. त्यामुळे वेगळा व अधिक किंमत मिळवू शकणारा माल तयार करणे हाच मार्ग त्याला मोकळा होता.

प्रमाणाचा प्रश्नही येथेच उद्भवतो. धान्य भरडण्यापासून भांडी धुण्यापर्यंत एका घाण्यास जवळजवळ पूर्ण दिवस लागतो. घाणा पावणेदोनशे लिटरांचा असो वा हजार लिटरांचा, मजुरीच्या तासांत फारसा फरक पडत नाही. साहजिकच घाणा जितका लहान, तितका दर बाटलीवर पडणारा श्रमाचा बोजा मोठा असतो.

अँकर : सॅन फ्रॅन्सिस्को येथील हा कारखाना १८९६ पासून अँकर या नावाने ओळखला जात होता. ‘स्टीम बिअर’ हा कॅलिफोर्नियातील जुना प्रकार तेथे तयार होई. लागर जातीचे यीस्ट घेऊन, परंतु बर्फाच्या अभावी उथळ उघड्या हौदांत व अधिक तापमानास किण्वन करणे, हे त्या पद्धतीचे वैशिष्ट्य. कारखान्याची यंत्रसामग्री जीर्ण झाली होती. माल वारंवार आंबे आणि गिऱ्हाइके मोजकीच उरली होती. १९६५ मध्ये तो बंद पडण्याच्या बेतात असताना फ्रिट्स मेटॅग या तरुणाने त्याचे ५१ टक्के भाग विकत घेतले. धुलाईयंत्रांच्या निर्मितीसाठी प्रसिद्ध असलेल्या मेटॅग घराण्यातील हा तरुण स्टॅनफर्ड विद्यापीठात शिकलेला होता. १९६९ मध्ये तो कारखान्याचा एकमेव मालक झाला.

मेटॅगने प्रथम स्वच्छता व प्रयोगशाळेतील तपासणी यांकडे लक्ष पुरविले. माल आंबण्याचे कारण जंतुसंसर्ग होते; ते दूर झाल्याशिवाय विक्रीचा विस्तार करण्यात अर्थ नव्हता. १९७१ मध्ये स्टीम बिअर बाटल्यांत भरण्यास प्रारंभ झाला. त्यानंतर अमेरिकेत लुप्तप्राय झालेली पोर्टर ही गडद बिअर त्याने पुन्हा प्रचारात आणली. १९७५ मध्ये अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धाच्या द्विशताब्दीच्या निमित्ताने काढलेल्या ‘लिबर्टी एल’ मध्ये त्याने कॅस्केड ही हॉपची जात वापरली. अमेरिकेच्या कृषी विभागाच्या संकर-कार्यक्रमातून ऑरेगन राज्यात निर्माण झालेली ही जात १९७२ मध्ये लागवडीसाठी प्रसृत झाली होती. तिचा लिंबूवर्गीय फळांसारखा सुगंध पुढे अमेरिकन एलचे ओळखचिन्ह बनला. कारखाना नफ्यात येण्यास मात्र सु. दहा वर्षे लागली. घराण्याच्या संपत्तीचे पाठबळ नसते, तर इतका काळ तोटा सोसणे मेटॅगला शक्य झाले नसते. अँकरच्या यशाचा विचार करताना ही गोष्ट दृष्टिआड करता येत नाही.

न्यू अल्बियन : असे पाठबळ नसलेल्या माणसास कारखाना काढता येईल काय, या प्रश्नाचे पहिले उत्तर जॅक मॅकॉलिफ याने दिले. अमेरिकन नौदलात असताना स्कॉटलंडमधील होली लॉक येथील तळावर त्याची नेमणूक झाली होती व तेथे त्याला ब्रिटिश एलची गोडी लागली. मायदेशी परतल्यावर तशी बिअर मिळेना, म्हणून ती स्वतःच तयार करण्याचे त्याने ठरविले. कॅलिफोर्नियातील सोनोमा येथे सुझान स्टर्न व जेन झिमरमन या भागीदारांसह त्याने १९७६ मध्ये न्यू अल्बियन कंपनीची नोंदणी केली आणि १९७७ मध्ये तिचा माल बाजारात आला. फ्रान्सिस ड्रेक या इंग्रज दर्यावर्द्याने १५७९ मध्ये या किनाऱ्यास दिलेल्या नावावरून कंपनीचे नाव घेतले होते.

त्या काळी इतक्या लहान कारखान्यासाठी यंत्रसामग्री बनविणारा कोणी नव्हता. बाजारात मिळत ती अवाढव्य कारखान्यांची यंत्रे. मॅकॉलिफने दुग्धशाळांतील टाकाऊ साहित्य व शीतपेयांच्या पाकाची पोलादी पिंपे मिळवून, स्वतः जोडकाम करून सारा संच उभा केला. एका घाण्यात सु. दीड बॅरल, म्हणजे सु. १७५ लि. बिअर निघे (अमेरिकन बॅरल सु. ११७ लि.). राष्ट्रीय वृत्तपत्रांनी या उद्योगाची दखल घेतली, मालाला मागणीही आली. तथापि हिशेब जुळेना. अहोरात्र खपूनही कारखान्याची कमाल मर्यादा इतकी तोकडी होती, की सर्व माल विकला गेला तरी खर्च भागून विस्तारासाठी शिल्लक उरत नसे. मोठा संच घेण्यासाठी कर्ज हवे होते. परंतु असा धंदा पूर्वी कोणी केलेला नसल्यामुळे बँका व गुंतवणूकदार पुढे आले नाहीत. १९८२ मध्ये कारखाना बंद पडला. त्याचे साहित्य, यीस्ट व काही कामगार हॉपलंड येथील मेंडोसिनो या नव्या कारखान्याकडे गेले. न्यू अल्बियनचे आयुष्य अवघे सहा वर्षांचे असले, तरी दुग्धशाळेच्या साहित्यातून कारखाना उभारण्याचा त्याचा मार्ग पुढे अनेकांनी अनुसरला.

कायद्यातील बदल : याच सुमारास कायद्यात झालेल्या तीन बदलांनी नव्या उद्योगास अवकाश मिळाला. (१) १९७६ च्या कायद्यान्वये वर्षास २० लाख बॅरलपर्यंत उत्पादन असलेल्या कारखान्यांना पहिल्या ६०,००० बॅरलवरील संघीय अबकारी कर दर बॅरलला ९ डॉलरऐवजी ७ डॉलर करण्यात आला. १९९१ मध्ये सर्वसाधारण दर १८ डॉलर झाला, तेव्हाही ही सवलत ७ डॉलरवर कायम राहिली. त्यामुळे तिचे सापेक्ष महत्त्व वाढले. २०१८ पासून हा सवलतीचा दर साडेतीन डॉलर करण्यात आला. (२) कॅलिफोर्नियाचे सिनेटर ॲलन क्रॅन्स्टन यांच्या पुरस्काराने मांडलेली घरगुती बिअरविषयक तरतूद काँग्रेसने संमत केली आणि राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी ऑक्टोबर १९७८ मध्ये त्या विधेयकावर स्वाक्षरी केली. फेब्रुवारी १९७९ पासून एका प्रौढ व्यक्तीस वर्षाला १०० गॅलन (सु. ३७९ लि.) व दोन वा अधिक प्रौढांच्या कुटुंबास २०० गॅलन (सु. ७५७ लि.) बिअर विक्रीखेरीज स्वतःच्या वापरासाठी करण्याची मोकळीक मिळाली. अंतिम अधिकार राज्यांचे असल्यामुळे मिसिसिपी व अलाबामा या राज्यांत ही मुभा २०१३ मध्ये मिळाली. (३) कारखाना व पानगृह एकाच जागी चालविण्यास काही राज्यांनी अनुमती दिली. वॉशिंग्टन राज्यातील याकिमा येथे बर्ट ग्रँट याने १९८२ मध्ये असे पहिले आधुनिक पानगृह काढले. कॅलिफोर्नियाने त्याच वर्षी तसा कायदा केला.

या तीन बदलांपैकी दुसरा वरकरणी क्षुल्लक वाटतो. परंतु तोच सर्वांत दूरगामी ठरला. घरगुती निर्मितीतून हौशी लोकांना प्रक्रियेचे ज्ञान मिळाले, फसलेल्या घाण्याची किंमत थोडी असल्यामुळे प्रयोगास वाव राहिला आणि चोखंदळ ग्राहकांचा एक वर्गही तयार झाला. चार्ली पपाझियन याने १९७८ मध्ये कोलोरॅडोतील बोल्डर येथे स्थापलेल्या अमेरिकन होमब्रुअर्स असोसिएशनने या हौशी मंडळींना एकत्र आणले. १९८२ मध्ये तेथेच ‘ग्रेट अमेरिकन बिअर फेस्टिव्हल’ हा मेळा सुरू झाला. पुढील दशकांतील कित्येक कारखानदार या हौशी वर्गातून आले.

सिएरा नेव्हाडा : केन ग्रॉसमन हा अशांपैकी एक होय. १९७६ मध्ये त्याने कॅलिफोर्नियातील चिको या गावी घरगुती बिअरच्या साहित्याचे दुकान काढले होते. हॉपची उत्तम फुले मिळविण्यासाठी तो याकिमा खोऱ्यातील व्यापाऱ्यांकडे स्वतः जाई. अँकर व न्यू अल्बियन हे दोन्ही कारखाने त्याने पाहिले होते. न्यू अल्बियनपासून त्याने उत्साहाबरोबर सावधगिरीही घेतली. दीड बॅरलच्या घाण्यावर धंदा तरणार नाही, असे ठरवून त्याने व पॉल कॅम्युसी या सहकाऱ्याने दहा बॅरलचा (सु. १,१७० लि.) संच उभारला. श्रम जवळजवळ तेवढेच राहून दर घाण्यास सहापटींहून अधिक माल निघू लागला. भांडवल कुटुंबीय व मित्र यांच्याकडून जमविले होते. दुग्धशाळांच्या जुन्या टाक्या व इतर कारखान्यांचे मोडीतील साहित्य आणून, जोडकाम व नळकाम स्वतः शिकून त्यांनी कारखाना सज्ज केला. नोव्हेंबर १९८० मध्ये पहिला घाणा निघाला.

त्यांची मुख्य बिअर म्हणजे कॅस्केड हॉपच्या ठळक सुगंधाची ‘पेल एल’. तिचे आरंभीचे अनेक घाणे, चव प्रत्येक वेळी सारखी येईना म्हणून, मोरीत ओतून द्यावे लागले. भांडवल अपुरे असताना घेतलेला हा निर्णय जोखमीचा होता. परंतु ग्राहकाच्या हाती पडणारी पहिली बाटली व दहावी बाटली यांत अंतर राहिले, तर नव्या छापावरील विश्वास उडतो, हे या व्यवसायातील मूलभूत तत्त्व त्यामागे होते. माल बाटलीतच पुन्हा किंचित आंबवून त्यात वायू निर्माण करण्याची पद्धत त्यांनी ठेवली. त्यासाठी वेगळ्या यंत्रांचा खर्च लागत नसे.

विस्तारही टप्प्याटप्प्याने झाला. जर्मनीतील एका बंद पडलेल्या कारखान्याची तांब्याची भांडी ग्रॉसमनने स्वस्तात विकत घेतली आणि ती बसविण्याइतके भांडवल साचेपर्यंत काही वर्षे ठेवून दिली. १९८७ मध्ये चिको येथेच नव्या इमारतीत कारखाना हलविण्यात आला. १९९८ मध्ये ग्रॉसमनने भागीदाराचा हिस्सा विकत घेतला. पूर्व किनाऱ्याकडे माल पाठविण्याचा खर्च व विलंब टाळण्यासाठी २०१४ मध्ये नॉर्थ कॅरोलायना राज्यातील मिल्स रिव्हर येथे दुसरा कारखाना सुरू झाला. बाहेरच्या गुंतवणूकदारास मालकी न देता कारखाना कुटुंबाच्या हाती ठेवण्याचे धोरण या सर्व काळात पाळले गेले. वाढीचा वेग त्यामुळे मर्यादित राहिला, परंतु निर्णयाचे स्वातंत्र्य टिकले.

इतर मार्ग : स्वतःचा कारखाना न उभारता दुसऱ्याच्या कारखान्यातील रिकामी क्षमता भाड्याने घेऊन माल तयार करविणे, हा आणखी एक मार्ग होता. जिम कॉक याने १९८४ मध्ये स्थापन केलेल्या बॉस्टन बिअर कंपनीने आपली ‘सॅम्युएल ॲडम्स’ बिअर पिट्सबर्ग येथील एका जुन्या कारखान्याकडून करवून घेतली. यंत्रांत गुंतणारा पैसा त्यामुळे विक्री व प्रसिद्धीसाठी मोकळा राहिला. ज्याच्याकडे स्वतःची भट्टी नाही, त्याला कारखानदार म्हणावे काय, असा आक्षेप काहींनी घेतला. मात्र १९९५ मध्ये भाग बाजारात विक्रीस काढण्याइतकी ही कंपनी वाढली. पानगृहासह कारखाना हा मार्ग अधिक लहान भांडवलाच्या उद्योजकास मानवला. कारण वितरकाचे दलाली-मूल्य वाचते, बाटल्यांचा खर्च टळतो आणि ग्राहकाची प्रतिक्रिया ताबडतोब मिळते. त्याची मर्यादा मात्र पानगृहाच्या जागेइतकीच राहते.

वाढ, मंदी आणि वितरण : १९९० नंतरच्या दशकाच्या पूर्वार्धात कारखान्यांची संख्या झपाट्याने वाढली व अनेक कंपन्यांनी भागभांडवल उभारले. पैसा सहज उपलब्ध झाल्याने प्रक्रियेचे ज्ञान नसलेले लोकही धंद्यात उतरले. सदोष व शिळा माल बाजारात येऊन ग्राहक दुरावले आणि दशकाच्या उत्तरार्धात अनेक कारखाने बंद पडले. याच काळात मोठ्या कंपन्यांनीही प्रतिकार सुरू केला. आपल्या वितरकांनी आपल्याच मालावर सर्व लक्ष केंद्रित करावे, अशी मोहीम अनहॉयझर-बुश कंपनीने १९९६ मध्ये हाती घेतली. त्रिस्तरीय व्यवस्थेत वितरकाने पाठ फिरविली, की लहान उत्पादकास दुकानाची फळी मिळणे दुरापास्त होई. कच्च्या मालाचा पुरवठाही असाच परावलंबी होता. २००७–०८ मध्ये हॉपची टंचाई झाली, तेव्हा दीर्घ मुदतीचे करार केलेले मोठे खरेदीदार निभावले. ऐनवेळी बाजारातून खरेदी करणाऱ्या लहान कारखान्यांना चढ्या भावाचा फटका बसला. त्यानंतर लहान कारखानेही हॉपचे आगाऊ करार करू लागले.

या अडचणींतूनही वाढ होत राहिली. २०१५ च्या अखेरीस देशातील कारखान्यांच्या संख्येने १८७३ चा उच्चांक ओलांडला. नंतरच्या काळात ही संख्या ९,००० च्या वर गेली. मात्र बाजारपेठ त्या प्रमाणात वाढली नाही. २०२४ मध्ये नव्याने उघडलेल्या कारखान्यांपेक्षा बंद पडलेल्यांची संख्या जास्त होती, सु. दोन दशकांत असे प्रथमच घडले.

स्वातंत्र्याचा प्रश्न : यशाबरोबर एक नवा पेच निर्माण झाला. लहान कारखान्यांशी स्पर्धा करण्याऐवजी ते विकत घेणे मोठ्या कंपन्यांना सोयीचे वाटू लागले. शिकागो येथील गूज आयलंड हा १९८८ मध्ये स्थापन झालेला कारखाना अनहॉयझर-बुशने २०११ मध्ये ३·८८ कोटी डॉलरना घेतला. २०१५ मध्ये सॅन डिएगोचा बॅलास्ट पॉइंट कारखाना सु. १०० कोटी डॉलरना विकला गेला. परंतु अपेक्षित विक्री न झाल्याने नव्या मालकाने २०१९ मध्ये तो एका लहान कंपनीस विकून टाकला. कोलोरॅडोतील न्यू बेल्जियम हा कारखाना २०१३ पासून सर्वस्वी कामगारांच्या मालकीचा होता. तोही २०१९ मध्ये जपानच्या किरिन उद्योगसमूहाकडे गेला. विक्रीचा निर्णय तेथे भागधारक कामगारांच्याच मतदानाने झाला. स्वातंत्र्य व श्रमाचा मोबदला यांपैकी एकाची निवड करण्याची वेळ येते, तेव्हा उत्तर सोपे नसते, हे त्यावरून दिसून आले.

स्वतंत्र कारखाना कोणास म्हणावे, हे ठरविण्याचा प्रयत्न २००५ मध्ये स्थापन झालेल्या ब्रुअर्स असोसिएशन या संघटनेने केला. तिच्या व्याख्येनुसार वार्षिक उत्पादन ६० लाख बॅरलपर्यंत असलेला आणि स्वतः लघुउत्पादक नसलेल्या मद्यकंपनीचा हिस्सा २५ टक्क्यांहून कमी असलेला कारखाना या वर्गात मोडतो. उत्पादनाची मर्यादा पूर्वी २० लाख बॅरल होती. संघटनेचे मोठे सभासद वाढल्यामुळे ती वाढवावी लागली, अशी टीका झाली. २०१७ मध्ये संघटनेने उलट्या बाटलीचे चित्र असलेली मुद्रा प्रचारात आणली. बाटलीवरील नाव जुनेच असले तरी मालक बदललेला असू शकतो, हे ग्राहकास कळावे, हा तिचा उद्देश होता.

अँकरचा शेवटही याच संदर्भात पाहावा लागतो. मेटॅगने तो कारखाना २०१० मध्ये विकला. २०१७ मध्ये तो जपानच्या सप्पोरो कंपनीकडे गेला आणि जुलै २०२३ मध्ये तिने तो बंद करण्याचे जाहीर केले. २०२४ मध्ये दही-उद्योगातील उद्योजक हमदी उलुकाया याने त्याची मालमत्ता विकत घेतली.

इतर देशांतील प्रसार : ब्रिटनमध्ये ‘कॅमरा’ या ग्राहक-संघटनेने १९७१ पासून पिंपातच मुरणाऱ्या पारंपरिक एलचा पुरस्कार केला. म्हणजे तेथे चळवळीचा आरंभ उत्पादकांकडून न होता पिणाऱ्यांकडून झाला. पीटर ऑस्टिन याने १९७८ मध्ये रिंगवुड हा लहान कारखाना काढला आणि नंतर इतर अनेकांना कारखाने उभारून दिले. २००२ मध्ये ब्रिटिश शासनाने लहान कारखान्यांसाठी सवलतीचा कर लागू केला व त्यानंतर त्यांची संख्या वेगाने वाढली.

भारतात या प्रकारच्या उद्योगाचा आरंभ एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकाच्या अखेरीस झाला. महाराष्ट्रात पुणे येथे २००९ मध्ये ‘डूलाली’ हा पानगृहासह कारखाना सुरू झाला. इंग्रजी बोलीत ‘भ्रमिष्ट’ या अर्थी वापरला जाणारा हा शब्द नाशिकजवळील देवळाली येथील ब्रिटिश लष्करी छावणीच्या नावावरून आलेला आहे. त्यानंतर पुणे व मुंबई येथे असे आणखी कारखाने निघाले. येथील परिस्थिती अमेरिकेपेक्षा एका महत्त्वाच्या बाबतीत भिन्न आहे. मुंबई दारूबंदी अधिनियम, १९४९ (आता महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम) अन्वये परवान्याशिवाय मद्य तयार करणे हा गुन्हा असल्यामुळे घरगुती निर्मितीतून शिकत कारखानदार होण्याचा मार्ग येथे उपलब्ध नाही. नवा उद्योजक प्रथमपासूनच परवाना, यंत्रे व प्रशिक्षित तज्ञ यांवर मोठी रक्कम खर्च करून धंद्यात उतरतो. हॉप प्रामुख्याने आयात करावे लागतात. साहजिकच हा उद्योग महानगरांतील उपाहारगृह-व्यवसायाचे एक अंग म्हणून वाढला. त्याला खेड्यापाड्यांतील वा लहान गावांतील कारागिरीचे स्वरूप आले नाही.

मूल्यमापन : बिअर निर्मितीच्या स्वतंत्र लघुउद्योगाने अमेरिकेत बिअरचे विविध प्रकार पुन्हा प्रचारात आणले, हॉपच्या नव्या जातींना बाजारपेठ मिळवून दिली व अनेक लहान गावांत रोजगार निर्माण केला. त्याच्या इतिहासात दोन सीमा स्पष्ट दिसतात. एका सीमेखाली उत्पादन गेले, तर मालाला मागणी असूनही कारखाना जगत नाही. न्यू अल्बियन हे त्याचे उदाहरण होय. दुसरी सीमा ओलांडली, की वाढीसाठी बाहेरचे भांडवल घ्यावे लागते व त्याबरोबर निर्णयाचा अधिकार जातो. या दोन सीमांमधील जागा कायम नसते. कराचा दर, परवान्याच्या अटी, वितरकांची धोरणे आणि हॉपचे भाव यांनुसार ती रुंदावते किंवा आकसते. ज्या कारखान्यांनी आपली वाढ या जागेच्या मापाने केली, ते दीर्घकाळ टिकले. केवळ उत्तम माल बनविण्याचे कौशल्य त्यासाठी पुरेसे ठरले नाही.